गाडीचा नकाशा

मला या कामात घेतलं ते किड्यांसाठी नाही, नकाशासाठी. किड्यांतलं मला झुरळ आणि मुंगी यांपलीकडे फारसं कळत नव्हतं. करवतमाश्यांचं सर्वेक्षण चार हंगाम चाललं होतं, नोंदी एका भल्यामोठ्या एक्सेल शीटमध्ये पडून होत्या आणि त्यांचे ठिपके करून देणारं कुणीतरी हवं होतं. नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हटलं, शनिवार-रविवारचं काम आहे.

दोन दिवसांत झालंही. उंचीनुसार छटा, नद्या फिकट निळ्या, प्रत्येक कुळाला वेगळा रंग. प्रिंट काढून सर्वेक्षण चालवणाऱ्या सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सुंदर झालाय. पण हा करवतमाश्यांचा नकाशा नाही गं. हा आमच्या गाडीचा नकाशा आहे."

घरी येऊन त्याच नकाशावर रस्त्यांचा थर टाकला. दोऱ्यात मणी ओवावेत तसे ठिपके रस्त्याला लागून बसले होते. रस्त्यापासून दूर गेलेला एकच ठिपका होता, आणि तो जलाशयाच्या मधोमध होता. ते पाप माझं. वहीत अंश आणि मिनिटं लिहिली होती, मी ती दशांश समजून भरली. तीस मिनिटं म्हणजे अर्धा अंश. माझ्या शीटमध्ये ते शून्य पूर्णांक तीन झालं होतं, आणि एक बिचारी नेच्यावरची माशी वीसेक किलोमीटर सरकून पाण्यात पडली होती.

त्या दिवसापासून मी यात अडकले ती आजतागायत.

शेतीची माहिती वाचणाऱ्यांना मोहरीवरची करवत माशी ऐकून माहीत असेल. काळपट हिरवी अळी, हात लावला की अंगाचं वेटोळं करून खाली पडते आणि मेल्याचं सोंग करते. शास्त्रीय नाव ॲथालिया लुजेन्स. पण ती एका मोठ्या घराण्यातली एक. जगात करवतमाश्यांच्या आठ हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक टेंथ्रेडिनिडी या एकाच कुळातल्या. नावात माशी असली तरी ही माशी नव्हे. मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगी ज्या गणात येतात त्याच गणातली ही जुनी शाखा. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याएवढी बारीक असते. करवतमाशीला कंबरच नाही, छाती आणि पोट सलग. नांगीही नाही. मादीच्या पोटाखाली दातेरी पात्यांची जोडी असते. त्या करवतीने ती पान किंवा कोवळा देठ चिरते आणि चिरेत अंडी घालते. गुलाबाच्या कोवळ्या फांदीवर शिवणीसारखी उभी चीर दिसली, तर तिथे आर्जे वंशातली मादी येऊन गेली असण्याची शक्यता बरीच.

अळी हुबेहूब फुलपाखराच्या सुरवंटासारखी दिसते, आणि इथे मी पहिलं वर्षभर फसत राहिले. सरांनी युक्ती सांगितली ती साधी होती: पाय मोज. पुढचे तीन जोड खरे पाय सोडून पोटाखालचे मांसल पाय मोजायचे. सुरवंटाला ते जास्तीत जास्त पाच जोड्या असतात (अपवाद आहेत, पण ते सहसा भेटत नाहीत). करवतमाशीच्या पानं खाणाऱ्या अळीला बहुधा सहा ते आठ जोड्या. भिंग असेल तर डोकं बघायचं: करवतमाशीच्या अळीला दोन्ही बाजूंना एकेकच टपोरा काळा डोळा असतो, सुरवंटाला बारीक ठिपक्यांचा झुबका. हे कळल्यावर मी माझे जुने फोटो काढून बसले. "अज्ञात पतंगाची अळी" या नावाने साठवलेल्या फोटोंत नऊ करवतमाश्या निघाल्या. म्हणजे नऊ ठिपके माझ्याच फोनमध्ये झोपले होते.

सर्वेक्षण म्हटलं की लोकांना वाटतं जाळी घेऊन रानात धावायचं. तेही असतं. पण मोठा वाटा मलेझ ट्रॅपचा. बारीक जाळीच्या कापडाचा तंबू, मधे उभा पडदा, वर तिरकं छप्पर आणि सगळ्यात उंच कोपऱ्यात अल्कोहोलची बाटली. उडता किडा पडद्याला थडकला की सवयीने वर चढतो आणि बाटलीत जातो. हा तंबू ज्याच्या नावाने ओळखला जातो तो रेने मलेझ हा स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ मुळात करवतमाश्यांचाच अभ्यासक होता, हे मला फार उशिरा कळलं. तंबूत शिरलेले किडे वर जाऊन कोपऱ्यात जमतात, आणि तिथे भोक असेल तर त्यातून बाहेर पडतात, हे त्याने पाहिलं होतं. तिथेच भांडं लावलं तर? १९३३ ते १९३५ या काळात तो ब्रह्मदेशात होता, तिथे त्याने असे सापळे वापरले आणि १९३७मध्ये त्यावर लेख लिहिला. आज माश्यांवाले, गांधीलमाश्यांवाले सगळे हा सापळा वापरतात. आपल्या माणसाने शोधलाय म्हणून मला उगाच बरं वाटतं.

बाटली उघडल्यावर मात्र बरं वाटणं संपतं. दोन आठवड्यांची बाटली म्हणजे तपकिरी लगदा. पांढऱ्या थाळीत ओतायचा आणि चिमट्याने निवडत बसायचं. माश्याच माश्या, डास, पतंगांचे गळालेले खवले, आणि त्यात कुठेतरी आपल्या पाच-सहा. पंख मिटवून ठेवायला पाठीवर दोन फिकट खरखरीत गोळे असतात, ते शोधायचे. बहुतेक कुळांत दिसतात, देठ पोखरणाऱ्या सेफिडी कुळात नसतात. तांदूळ निवडायची सवय असलेल्या बाईला हे काम लवकर जमतं असं सर म्हणतात. मला तांदूळ निवडता येत नाहीत, पण ते असो. स्वीडनमध्ये २००३ ते २००६ देशभर असे सापळे लावले तेव्हा साधारण दोन कोटी किडे जमले. तो आकडा वाचला आणि ती निवडत बसलेली माणसं मला नातेवाईक वाटू लागली.

आता नकाशाकडून बघते. प्रत्येक पद्धतीचा स्वतःचा आंधळेपणा असतो आणि तो सरळ नकाशात उतरतो. तंबू नरांना जास्त पकडतो की माद्यांना, हे जातीवर अवलंबून. जी मादी आपल्या झुडपाच्या दोन हात परिसरातच फिरते ती तंबूत कधीच येणार नाही. पिवळ्या थाळीत साबणपाणी ठेवलं तर फुलांवर येणारी टेंथ्रेडो वंशातली मंडळी येतात. ती मोठी, रंगीत, गांधीलमाशीची नक्कल करणारी, आणि काही तर चक्क इतर किडे पकडून खातात. पण वाळुंजाच्या (विलोच्या) पानावर गाठी करणारी इवलीशी जात तिथे येण्याचं कारणच नाही. तिला शोधायचं तर झाड शोधायचं. पुष्कळ जाती वर्षातून एकदाच उडतात, तेही दोन-तीन आठवडे, पालवी कोवळी असताना. पाइनच्या नर शंकूंत वाढणाऱ्या झायलिडी कुळातल्या माश्या तर इतक्या लवकर येऊन जातात की तुम्ही सामान बांधेपर्यंत त्यांचा हंगाम संपलेला असतो. आमच्या चारही हंगामांच्या फेऱ्या प्रवासाच्या सोयीने ठरल्या होत्या आणि दर वर्षी पहिली फेरी पालवी जुनी झाल्यावर निघायची. शीटमध्ये तारखांचा स्तंभ होता, पण त्याचा आलेख कुणी काढला नव्हता. मी काढला. हंगामाच्या सुरुवातीला सपाट रेघ. सरांनी तो आलेख भिंतीला लावला आणि काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी पहिली फेरी महिनाभर आधी निघाली.

अळ्या शोधायला लागल्यावर चित्र बदललं. करवतमाश्यांच्या अळ्या खाण्याच्या बाबतीत फार हट्टी. अनेक जाती एकाच वंशाच्या झाडावर जगतात. नेच्यांवरच्या वेगळ्या, गवतावरच्या वेगळ्या, इक्विसेटम या नेच्यांच्या नात्यातल्या वनस्पतीवरच्या वेगळ्या. त्यामुळे वनस्पतीचा नकाशा हातात असेल तर कुठे शोधायचं हे निम्मं कळतं. मी नकाशावर वाळुंजाचा थर टाकला, नेच्यांच्या ओघळींचा टाकला आणि रस्त्याचा थर काढून टाकला. मग सरांना दाखवलं, "इथे जायचं." जागा चार तास चालण्याच्या अंतरावर होती. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की नकाशावालीला घेतलं ती चूकच झाली.

अळी मिळाली म्हणजे नाव मिळालं असं मात्र नाही. ती वाढवावी लागते. ती शेवटची कात टाकते, खाणं थांबवते, मातीत उतरते आणि बारीक कोष करून आत निजते. काही जाती त्याच वर्षी बाहेर येतात. काही एक वर्ष सोडतात. काही दोनही. कुंडीला जाळी बांधून आपण वाट बघतो आणि एके सकाळी जाळीवर चढलेलं दिसतं ते करवतमाशीच्या अळीत वाढलेलं परजीवी गांधीलमाशीचं पोर. पहिल्या वर्षी माझ्या तेवीस अळ्यांमधून माश्या निघाल्या चार. सात परजीवी. बाकीच्या बुरशीने गेल्या, कारण मी प्रेमाने रोज पाणी घालत होते.

आणि माशी मिळाल्यावरही नावाची खात्री नसते. बाहेरून दोन जाती सारख्या दिसतात. मग मादीची करवत काढून काचपट्टीवर ठेवायची आणि दातांचा आकार बघायचा. नराच्या बाबतीत जननेंद्रियाची बारीक पाती. सूक्ष्मदर्शकाखाली ती करवत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हातातला चिमटा खाली ठेवला. लोहाराने कानस फिरवावी तसे एकेका दाताला पुन्हा बारीक दात होते. जातीगणिक नक्षी निराळी. मला वाटलं होतं की आता डीएनएचा जमाना आहे, एक पाय तोडून पाठवला की नाव हजर. करवतमाश्यांनी इथेही दगा दिला. काही गटांत जवळच्या जातींचा संकर होऊन एकीचं मायटोकाँड्रियल डीएनए दुसरीत शिरलेलं आहे, उत्तर अमेरिकेतल्या पाइनवरच्या निओडिप्रिऑन वंशात हे नीट अभ्यासलं गेलंय. म्हणजे बारकोड (नाव ठरवायला वाचतात तो त्याच डीएनएचा तुकडा) एकीचा आणि शरीर दुसरीचं. त्यामुळे करवत बघणारे म्हातारे अजून हवेच आहेत. सरांना हे वाक्य वाचायला दिलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुन्या नमुन्यांत. संग्रहालयातला टाचणीवरचा किडा, खाली बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी. चिठ्ठीवर एका डोंगराचं नाव, वर्ष, संग्राहकाची अक्षरं. बस्स. डोंगर म्हणजे पायथा की माथा? पंधराशे मीटरचा फरक आहे. मी अशा नोंदींना ठिपका देत नाही, वर्तुळ देते. जेवढी शंका तेवढी त्रिज्या. एका वर्तुळात अर्धा नकाशा झाकला गेला, तेव्हा सर म्हणाले की हे विद्रूप दिसतंय. विद्रूपच आहे. पण ठिपका टाकला असता तर खोटा पडला असता. ब्रिटनमधल्या निसर्गनोंदवाल्यांनी यावर आपला मार्ग फार आधी काढला. एच. सी. वॉटसन या वनस्पतीवाल्याने १८५२मध्ये ग्रेट ब्रिटनचे ११२ तुकडे पाडले, आकाराने बऱ्यापैकी सारखे, आणि सरकारी हद्दी कितीही बदलल्या तरी निसर्गनोंदींसाठी तेच तुकडे आजही चालतात. बारीक नाहीत, पण शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीशेजारी ठेवता येते. मी अशा कंटाळवाण्या शहाणपणावर जीव ओवाळून टाकते.

नावांचं तर विचारूच नका. २०१४मध्ये निमॅटिनी उपकुळातले कित्येक वंश एकत्र करून युरा या एका वंशात घातले गेले. कारण योग्य होतं, वंशवृक्ष तसंच सांगत होता. पण आमच्या शीटमध्ये एकच माशी तीन नावांनी बसली होती, आणि माझ्या नकाशावर तीन "जाती" एकाच ओढ्याकाठी गुण्यागोविंदाने नांदत होत्या. २०१०ची टेगर, ब्लांक आणि लिस्टन यांची जागतिक सूची समोर ठेवून जुनी नावं एकेक करून जुळवली. जातींची एकूण संख्या घटली. निधी देणाऱ्या मंडळींना घटलेली संख्या समजावून सांगणं ही वेगळी कला आहे आणि ती मला येत नाही.

नकाशा लहान असो की जगाचा, रोग तोच. फुलपाखरं, मुंग्या, झाडं, जवळजवळ सगळ्यांची विविधता विषुववृत्ताकडे वाढते. करवतमाश्यांची उलटी: उत्तरेच्या थंड प्रदेशात जास्त. एकट्या ब्रिटनमध्ये पाचशेवर जाती आहेत, आणि वाळुंजाच्या भाईबंदांवर जगणाऱ्या निमॅटिनी थेट टुंड्रापर्यंत भरल्यात. ही उलटी चढण खरी आहे यात मला शंका नाही. त्यांची खाद्यझाडंच तिकडे रेलचेलीने आहेत. पण त्याच भागात दीडशे-दोनशे वर्षं हौशी लोक जाळी घेऊन फिरत आलेत, हेही खरं. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत पर्गिडी नावाचं मोठं कुळ आहे, त्यातल्या काही ऑस्ट्रेलियातल्या जातींच्या अळ्या निलगिरीच्या झाडावर गठ्ठ्याने बसतात. दक्षिणेत करवतमाश्या नसतात असं म्हणणाऱ्याला त्या अळ्या दाखवाव्यात. छेडलं तर तोंडातून निलगिरीच्या तेलाची गुळणी काढतात. भारतातल्या नोंदी हिमालयाच्या बाजूला एकवटल्यात. तिकडची थंडी आणि झाडं हे एक कारण, आणि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात मलकियत सिंग सैनी यांनी वर्षानुवर्षं याच किड्यांवर काम केलं हे दुसरं. दोन्ही कारणं एकाच ठिपक्यात मिसळलेली असतात आणि ठिपका बोलत नाही.

हलणारे ठिपके मला सगळ्यात आवडतात, जरी बातमी वाईट असली तरी. एल्म नावाच्या झाडावरची एक करवतमाशी आहे, ॲप्रोसेरॉस ल्यूकोपोडा. मूळची पूर्व आशियातली. २००३मध्ये पोलंड आणि हंगेरीत दिसली, २०१७मध्ये ब्रिटनमध्ये, २०२०मध्ये कॅनडाच्या क्यूबेकमध्ये, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. हिच्यात नर नाहीतच. एकटी मादी पोहोचली की वसाहत सुरू. हिची लहान अळी पान खाताना कडेकडून आत नागमोडी वाट काढत जाते, आणि ती वाट इतकी ठसठशीत असते की किडा पकडायची गरजच नाही. फांदी खाली ओढायची, पान बघायचं. यातली खरी गंमत अशी की इथे "नाही" हीसुद्धा नोंद करता येते. दोनशे पानं पाहिली, नागमोड नाही, तारीख, जागा. करवतमाश्यांच्या दुनियेत असा भरवशाचा नकार दुर्मीळ आहे.

त्यावरून मी आमच्या शीटमध्ये एक स्तंभ वाढवला: "शोधलं, मिळालं नाही." त्यात कोणतं झाड, किती वेळ, पालवी कोणत्या अवस्थेत, हे भरायचं. पहिले सहा महिने तो कुणी भरला नाही. रिकाम्या हाताने आलोय हे लिहायला लाज वाटते म्हणे. मग मी फॉर्मच असा केला की हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शिव्या खाल्ल्या. आता नकाशात तीन प्रकारची जागा आहे: भरीव ठिपका, पोकळ ठिपका आणि कुणी गेलंच नाही ती कोरी जागा. पोकळ ठिपके भरिवांपेक्षा चौपट आहेत. नवीन नकाशा पाहून एक पाहुणे म्हणाले, एवढं फिरून एवढंच? सर माझ्या बाजूने बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा.

रस्त्यापासून चार तासांच्या त्या ओघळीत आम्ही अखेर गेलो. पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी जळवा, तिसऱ्या दिवशी नेच्याच्या पानामागे फिकट हिरव्या अळ्या, पाठीवर मेणासारखी पांढरी पूड. पाय मोजले. आठ जोड्या. सर मोजत होते तेव्हा मी आधीच मोजून झाले होते, पण बोलले नाही. अकरा अळ्या नेच्यासकट आणल्या. वाटेत दोन गेल्या. उरलेल्या नऊ आठवड्याभरात मातीत उतरल्या.

हे मागच्या वर्षीचं. यंदा पालवी आली, जुनी झाली, कुंडीतून काही निघालं नाही. जाळी काढून माती उकरून बघावी असं रोज वाटतं आणि मी उकरत नाही. पाणीही आठवड्यातून एकदाच, फुलपात्रभर. शीटमध्ये ती ओळ आहे: जागा, उंची, खाद्यवनस्पती, तारीख, आणि जातीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. नकाशावर तिला मी अजून रंग दिलेला नाही. कुंडीवर खडूने "दुसरं वर्ष" असं लिहून ठेवलंय, म्हणजे घरातलं कुणी रिकामी समजून तिच्यात कोथिंबीर पेरणार नाही.